मानाचं नेट

सोमवार, ३ नोव्हेंबर

"आवाज ओके. तक्रार बंद."

ऐकू न येणाऱ्या मुलीच्या तक्रारीवर आमच्या माऊलीनं हे लिहून ठेवलंय! तीनदा तक्रार आली, तिन्ही वेळा हेच. शी!

माऊली म्हणजे आमच्या नेट कंपनीचा वायरमन. तक्रार आली की घरी जायचं, तिथल्या नेटवरून ऑफिसला कॉल लावायचा, आवाज नीट आला की सही घेऊन निघायचं – ही त्याची तपासणी. मी म्हटलं, अहो माऊली, ती मुलगी हातांनी बोलते, तिला चित्र दिसायला हवं, आवाज घेऊन तिनं काय करायचं? तर म्हणतो, तपासणी आवाजाचीच असते ताई. आणि वर विचारतो, चहा सांगू का?

मुलगी अनुपमा. इनामगावच्या पुढे, घोड नदीच्या काठाला वस्तीवर राहते. हौसराव मामांची धाकटी. पुण्यात कर्णबधिरांच्या शाळेत शिकली, पुढे तिथंच कोर्स केला. आता संध्याकाळी सहा ते आठ घरातूनच व्हिडिओवर लहान मुलांना गणित शिकवते, खुणांच्या भाषेत. पुण्यातल्या एका संस्थेनं डिसेंबरपर्यंतच्या बोलीवर घेतलंय. तोवर वर्ग नीट चालला तर कायम करतील, नाहीतर दुसरी बाई बघतील. आणि आमच्या कृपेनं रोज सहाच्या ठोक्याला तिचे हात स्क्रीनवर गोठतात.

आज तिनं थेट मलाच व्हॉट्सॲप केलं. "घरात माझी भाषा कुणालाच येत नाही. दिवसात तेवढे दोन तास मी बोलते. बाकी वेळ नुसती कामं."

चहा आला होता. तसाच निवला.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

माऊलीवर तरी किती चिडायचं? राउटरलाच तसं शिकवलंय. संध्याकाळी सगळी गावं नेटवर बसतात, शिरूरहून नदीकाठाला जाणारी आमची एकुलती एक लाइन तुंबते. मग कुणाला आधी सोडायचं ते राउटर ठरवतो. माझ्या आधी जो कोणी या खुर्चीत होता त्यानं ठरवलं – आवाज पहिला, बाकी सगळं मागून. कॉलमधलं चित्रही मागून, सिनेमा आणि डाउनलोडच्या गर्दीत. म्हणजे आवाज सुखरूप पोचतो, हात वाटेत अडकतात.

दोन वाटा आहेत. एक, माल कुठल्या जातीचा ते बघून नियम लावायचा – सगळ्यांच्याच व्हिडिओ कॉलचं चित्र वर घ्यायचं, सिनेमे थोडे मागे. दुसरी, पत्ता बघून – एका घराचा नंबर वर घालायचा, त्या घराचं जे काही असेल ते आधी जाईल.

मला पहिली बरी वाटली. एकटी अनुपमा थोडीच आहे? कारेगावात कंपनीत कामाला असलेल्यांची बायकापोरं या गावांतून आहेत, तीही तोंडं बघून बोलतात की. दुपारीच नियम लावला. संध्याकाळी सव्वासहाला तिचा मेसेज – नुसते टाळ्यांचे हात.

बऱ्याच दिवसांनी ऑफिसातून गाणं गुणगुणत घरी आले. अम्मीनं विचारलं, पगार वाढला का?

गुरुवार, ६ नोव्हेंबर

उतरवला नियम. उतरवायला लावला!

मच्छिंद्र शेठ सकाळी सकाळी दारात. हे आमचे मालक – आधी केबल होती, आता नेट. काल रात्री त्यांच्या साडूचा सिनेमा मध्ये दोनदा थांबला म्हणे. दोनदा! त्यावरून एवढं रामायण. मी समजावलं की सिनेमा दहा सेकंद थांबला तर कुणाचं काही जात नाही, बोलणं थांबलं तर जातं. शेठ ऐकून घेतात, शांत माणूस आहे, आवाज चढवत नाही. म्हणाले, "फरहत, बोलनाऱ्याची तक्रार येत न्हाई. शिनेमावाल्याची येतीय."

बोलणाऱ्याची आली होती की. तीनदा. बंद केली आपण.

शेठ गेल्यावर मी दुसरी वाट धरली. हौसराव मामांच्या घराचा नंबर गुपचूप सगळ्यात वर घातला. एकच घर. कुणाला कळणार आहे?

शनिवार, ८ नोव्हेंबर

अनुपमाचा वर्ग छान चाललाय. आज तिनं एका मुलाला पाढे शिकवतानाचा छोटा व्हिडिओ पाठवला. मला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही, पण बाई चेष्टेखोर आहे हे कळलं. मुलगा सात चोक चुकला की ती डोक्याला हात लावून खुर्चीवरून पडल्याचं सोंग करते. वस्तीवर कुणी तिला असं बघितलं असेल का?

राउटरच्या खोलीत कोपऱ्यात गुटख्याची ताजी पिंक. तिथं एसी असतो म्हणून शेठचे पाहुणे दुपारी लवंडायला जातात. मीच पुसली. ओकारी आली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

माझाच गाढवपणा. स्क्रीन उघडी टाकून डबा खायला गेले. परत येते तो शेठ माझ्या खुर्चीत, चष्मा कपाळावर, नाक स्क्रीनला. हौसरावाचं घर सगळ्यांच्या वर कसं, म्हणून विचारलं. मी सगळं सांगितलं – मुलगी, वर्ग, हात, डिसेंबर. मनाची तयारी केली होती की आता ओरडा बसणार.

कसला ओरडा! शेठचा चेहरा उजळला.

"म्हंजी आपल्याला कुनालाबी वर बसवता येतंय व्हय?"

अनुपमाबद्दलचं अक्षरही कानात गेलं नव्हतं. गेलं ते एवढंच. दौंडच्या एका कंपनीनं नदीपलीकडून वायर ओढायला घेतलीय, आमची बडी गिऱ्हाइकं फोडायला माणसं फिरतायत. त्यावर शेठना आज उतारा सापडला. गावोगावचे मानकरी वर बसवायचे. योजनेचं नावही तिथल्या तिथं ठरलं – मानाचं नेट.

मी म्हटलं, शेठ, ही लाइन आहे, लग्नाचा मांडव नाही. ते हसले. पाठीवर थोपटल्यासारखं करून गेले.

शनिवार, १५ नोव्हेंबर

स्टिकर छापून आले. सोनेरी. मध्ये फेटा, खाली "मानाचे ग्राहक". घरोघरी बॉक्सवर चिकटवायला माऊलीला पिटाळलंय. तक्रारीला दोन दिवस लावणारा माणूस, स्टिकर दुपारपर्यंत लावून मोकळा!

सोमवार, १७ नोव्हेंबर

आजचा दिवस उलटीसारखा बाहेर टाकून द्यावासा वाटतोय.

सकाळी माजी सरपंच सोपानराव आले. पांढरेशुभ्र कपडे, बरोबर चार माणसं. डेअरीचे चेअरमन मारुतराव आपल्या वर आहेत असं त्यांच्या कानावर आलंय. मी सांगितलं, वर सगळे एकाच रांगेत आहेत, एक-दोन-तीन असं नसतं. पटेना. "यात्रेत पयला नारळ आमचा. मग नेट त्येचं आधी कसं?" मी पुन्हा सांगितलं. मग म्हणे कागदावर लिहून द्या की सोपानराव एक नंबर. शेठनी मला डोळ्यानं खुणावलं. दिलं लिहून. शिक्क्यासकट.

जेवणानंतर मारुतराव. तेही एक नंबर. शिक्क्यासकट!

मग सरपंच. सरपंच गिताबाई आहेत, पण आले त्यांचे मिस्टर. म्हणाले, गिताबाईंचं नाव आहे तिथं माझं घाला, नाहीतर माझं त्यांच्या आधी घाला. अहो, घर एक, बॉक्स एक, चूल एक – आधी आणि नंतर कुठून आणू?

आणि या सगळ्यांना नेट लागतं कशाला, ते मला दिसतं की. रील. मॅच. अंगणातल्या कॅमेऱ्यातून आपलीच गाडी बघत बसणं.

संध्याकाळी निघताना राउटरच्या खोलीत सोपानरावांचा माणूस घोरत होता. पायातल्या वहाणा राउटरवर टेकलेल्या.

गुरुवार, २० नोव्हेंबर

व्हायचं तेच झालं. रोज नवे मानकरी. सोसायटीचे संचालक झाले, तंटामुक्तीवाले झाले, कुणाचे मेहुणे, कुणाचे पंचक्रोशीत वजन असलेले मामेसासरे. मागे राहिलं कोण? ज्यांना कुणी विचारत नाही ती चार-दोन घरं. सगळेच पहिल्या रांगेत बसले म्हणजे रांग उरलीच नाही. लाइन तेवढीच. संध्याकाळी सहाला पुन्हा तुंबली.

अनुपमाचा मेसेज – "आज मुलं सारखी विचारत होती, बाई, तुम्ही सारख्या पुतळा का होता? संस्थेच्या मॅडमही बसल्या होत्या बघायला."

शेठना दाखवला. वाचून खरोखर हळहळले. मग म्हणाले, पण त्या पोरीचं घर वरच हाय की, आपन कुठं खाली घातलंय?

यापुढे काय बोलायचं माणसाशी! तोंड कडू झालंय.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

अम्मी म्हणते, नोकरी सोड. सोडते, पण डिसेंबर होऊ दे.

शनिवार, २२ नोव्हेंबर

करून टाकलं.

एकूण एक मानकरी होते तिथं परत नेऊन बसवले. सोपानराव, मारुतराव, गिताबाईंचे मिस्टर, मेहुणे, मामेसासरे – सगळे खाली, सिनेमावाल्यांच्या गर्दीत. शेठचा साडूसुद्धा. शेठ बघतात त्या पानावर नावं तशीच ठेवली, चमकत राहू देत. त्या नावांमागचा नियम तेवढा काढून घेतला. खरोखर वर एकच घर – हौसराव मामांचं.

आता सोमवारी फोन येतील. शेठ हाकलतील. हाकलू देत.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

फोन आला नाही. एकही नाही!

उलट सोपानराव स्वतः आले, पेढे घेऊन. मला वाटलं उपरोध असेल. नाही, खरेच पेढे. "मॅडम, नेट आता आस्सं पळतंय. त्या मारुतरावाला बसवलं का न्हाई खाली?" मी मान हलवली. ते हसत हसत गेले. यांचं नेट महिन्यापूर्वी होतं तेवढंच आहे, तसूभरही जास्त नाही. दुपारी मारुतरावांचा फोन – बरं झालं, सोपानरावाची जिरवली.

हसू यायला हवं होतं. आलं नाही. यांना नेट नकोच होतं. दुसरा खाली आहे एवढं कुणीतरी शिक्का मारून सांगायला हवं होतं. त्यासाठी त्या पोरीचे हात आठवडाभर गोठवले.

पेढे तसेच टेबलावर. मुंग्या लागल्या. मुंग्यांसकट फेकले.

शनिवार, २९ नोव्हेंबर

आज मात्र एक बरी गोष्ट घडली, ती लिहून ठेवते.

हौसराव मामा आले होते. पहिल्यांदाच बघितलं. उन्हानं काळवंडलेले, टोपी हातात, गुऱ्हाळावरची गुळाची ढेप आणलेली. बाकावर अगदी कडेला टेकले. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं – ऊस, तोड, बिबट्या. मग हळूच म्हणाले, "समद्यांच्या बॉक्साला ष्टिकर लागला, आमच्या न्हाई. आमी कोन म्हना!"

फार वाईट वाटलं. इतक्या दिवसांत ऑफिसात आलेला हा पहिला माणूस, ज्यानं टेबलावर हात आपटला नाही. ज्याच्या मुलीसाठी मी हे सगळं करतेय तोच बिचारा तोंड पाडून बसलाय, आणि ते सोनेरी फेटेवाले पेढे वाटत फिरतायत. मला राहवलं नाही. शेठ नव्हते, माऊली बाहेर होता. सांगून टाकलं. मामा, स्टिकर गेला खड्ड्यात. त्या सगळ्यांचं वर असणं खोटं आहे. या साऱ्या गावांत खरोखर सगळ्यात वर एकच घर आहे, तुमचं. अनुपमासाठी केलंय. कुणाला बोलू नका.

मामा बाकावर पुढे वाकले.

"सोपानरावाच्याबी वर?"

हो मामा.

"चेरमनच्याबी?"

त्यांच्याही. त्यांचे डोळे भरून आले. टोपी घातली, उठले, मला हात जोडले. माझ्या बापाच्या वयाचा माणूस! मुलीची कदर असलेला बाप बघितला आज. नाहीतर अनुपमाच्या त्या "नुसती कामं"वरून मी मनात त्यांचं भलतंच चित्र केलं होतं. महिनाभरात पहिल्यांदा कुणाची किळस आली नाही.

अम्मीनं गुळाचा चहा केला. दोन कप प्यायले.

बुधवार, ३ डिसेंबर

हौसराव मामांच्या घराच्या नेट-वापराचा आलेख बघत बसले होते. सहा वाजले की उभा राहतो, आठलाही उतरत नाही. नऊपर्यंत भरलेला. पोरीनं वर्ग वाढवले वाटतं. मेसेज करणार होते, मग म्हटलं, शिकवत असेल, कशाला मध्ये तोंड घाला. लाइन भरून चाललीय म्हणजे हात चाललेत.

शेठनी आज दौंडच्या कंपनीवाल्याला चहाला बोलावून स्टिकर दाखवला. आता तोही छापणार आहे. चांदीचा रंग घेतो म्हणाला.

रविवार, ७ डिसेंबर

आज सुट्टी, तरी घरून आलेख उघडला. रविवारसुद्धा भरलेला! दुपारपासून! जादा तास घेत असणार, परीक्षा आल्या असतील मुलांच्या. एकटी पोरगी या वरच्या जागेचं सोनं करतेय, बाकी सगळे गेले तेल लावत.

सोमवार, ८ डिसेंबर

माऊलीनं आजही एका तक्रारीवर "आवाज ओके" लिहिलं. मी कागद त्याच्यासमोर फाडला. त्यानं खिशातून दुसरा काढला.

बुधवार, १० डिसेंबर

दुपारी अनुपमाचा मेसेज. आहे तसा उतरवून ठेवते.

"ताई, काल संस्थेनं नाही म्हणून कळवलं. त्यांची चूक नाही. बाबांनी बॉक्स रस्त्याकडच्या गाळ्यात नेऊन दहा दिवस झाले. माऊलीदादांनी वायर ओढून दिली. मोठा टीव्ही लावलाय, मॅच असते, गावातली सगळी माणसं बसायला येतात, सोपानरावसुद्धा येतात. बाबा सगळ्यांना चहा देतात. इतके खूश मी त्यांना कधी बघितले नव्हते. घरात नेट येत नाही. मी पाण्याच्या टाकीवर चढून मोबाईलवर वर्ग घेत होते, तिथं अंधारात मुलांना हात दिसत नव्हते. तुम्हाला तक्रार केली नाही. मला वाटलं, तुम्हीच बाबांना तसं सांगितलं असेल. ते म्हणतात, मॅडमनं हे आपल्याला दिलंय."

आत्ता संध्याकाळचे साडेसहा. त्या घराचा आलेख समोर आहे, काठोकाठ. अजून तो नंबर खाली घेतलेला नाही. घेतला तर त्या गाळ्यात काय होईल, आणि त्याचा राग घरात कुणावर निघेल, तेच डोळ्यांसमोर येतंय.